प्लम फोर्कचा एकुलता एक गुन्हा

ज्या शिक्षणसंस्थेत किती गुन्हे घडतात हे ठाऊक नाही, ती संस्था सुरक्षित आहे असं कुणालाही म्हणता येणार नाही. हे सत्य वॉशिंग्टनमधल्या एका खात्याला फार पूर्वी उमगलं. खात्याने नियम केला, की ज्या कॉलेजचे विद्यार्थी केंद्र सरकारच्या मदतीवर शिकतात, त्याने आपल्या आवारातल्या गुन्ह्यांचा अहवाल दरवर्षी प्रसिद्ध करावा. नियम सर्वांना सारखा. फुटबॉलचं स्टेडियम बाळगणाऱ्या विद्यापीठाला तो लागू आहे, तसाच नेब्रास्कातल्या प्लम फोर्क गावच्या क्रॅट्झर केशकर्तन महाविद्यालयालाही लागू आहे. (विद्यार्थी सात, खुर्च्या पाच. आवार म्हणजे टायरच्या दुकानाशेजारची एक लांबट खोली आणि तिच्यासमोरचा फूटपाथ.)

या महाविद्यालयाच्या संस्थापिका, प्राचार्या, एकमेव अध्यापिका आणि संध्याकाळी केर काढणाऱ्या व्हर्ना क्रॅट्झर या नियमांच्या बाबतीत भारी काटेकोर बाई. सप्टेंबरात राज्यघटना दिन पाळायचा असतो, तर त्या गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा टेकवून घटनेची प्रस्तावना वाचून दाखवत. (गिऱ्हाईक शेवटपर्यंत मन लावून ऐकत असे.) आगीच्या वेळी बाहेर पडण्याची तालीम वर्षातून एकदा असे. घंटा झाली की हातातलं काम तिथंच टाकायचं, हा नियम. त्यामुळे अर्धी दाढी झालेले शेतकरी साबणासकट फूटपाथवर रांगेत उभे राहत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हात करत. गावाला या तालमीचं इतकं कौतुक, की काही जण मुद्दाम त्या दिवशी दाढीला येत.

अहवालही वेळेवर निघे. तो साधारण असा असे:

खून : शून्य.
दरोडा : शून्य.
वाहनचोरी : शून्य.
जाळपोळ : शून्य. (केस वाळवायच्या यंत्रातून एकदा धूर आला होता. व्हर्नाबाईंनी तशी तळटीप दिली होती.)
वसतिगृहातून बेपत्ता झालेले विद्यार्थी : शून्य. (वसतिगृहही शून्य.)

वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं, आणि इथंच घोडं अडलं. एका वसंतात खात्याचे तपासनीस मिस्टर व्हिटमायर आले. अतिशय सभ्य गृहस्थ. त्यांनी जर्दाळू भरलेले तीन गोड पाव, ज्यांना तिकडे कोलाचे म्हणतात, खाल्ले, सगळे अहवाल ओळीने वाचले आणि बोटांवरची साखर पुसत म्हणाले, "मिसेस क्रॅट्झर, सगळं जागच्या जागी आहे. मला काळजी वाटते ती त्याचीच."

"काळजी कसली, साहेब?"

"दरवर्षी शून्य. उद्या गुन्हा घडलाच, तर तो तुमच्या यंत्रणेला कळेल याला पुरावा काय?"

"माझी यंत्रणा म्हणजे ही खिडकी. मी खिडकीतून बघते."

"ठीक. पण खिडकी चालते, याला पुरावा?"

जो गुन्हा घडलाच नाही तो आपण पकडला नाही, एवढंच व्हर्नाबाईंना सिद्ध करता येत होतं, आणि हे तर झोपलेल्या माणसालाही करता येतं. साहेबांनी ऑक्टोबरपर्यंत मुदत दिली. तोवर यंत्रणा चालती असल्याचं दिसलं नाही, तर केंद्राची मदत बंद.

मदत बंद म्हणजे कॉलेज बंद. सातही विद्यार्थी त्याच मदतीवर शिकत होते. त्यातली जोडी नावाची मुलगी मांसाच्या कारखान्यातली रात्रपाळी सोडून आली होती आणि तिला नुकतं कुठं कानामागचं वळण नीट साधायला लागलं होतं. कॉलेजला टाळं लागलं असतं तर तिला पुन्हा त्याच थंडगार खोलीत सुरी धरावी लागली असती. व्हर्नाबाई मागच्या खोलीत गेल्या, टॉवेलांच्या ढिगावर बसल्या आणि पोटभर रडल्या. मग डोळे पुसून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "एक गुन्हा पाहिजे."

"लिहून टाका की, व्हर्नाबाई," जोडी म्हणाली. "कोण बघायला येतंय?"

"मी जन्मात खोटं लिहिलेलं नाही. खराच पाहिजे."

खुर्चीत बसलेले ओर्व्हिल सेडलाचेक हे ऐकून उल्हसित झाले. ओर्व्हिल हे महाविद्यालयाचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. काही वर्षांपूर्वी ते मोटार घेऊन पोस्टात गेले होते. (आत. भिंतीतून.) तेव्हापासून त्यांचा परवाना जप्त होता आणि ते गवत कापायच्या गाडीवर बसून गावभर फिरत. गवताच्या गाडीला परवाना लागत नाही.

"माझी गाडी चोरा," ओर्व्हिल म्हणाले. "बाहेर फूटपाथवरच उभी आहे. म्हणजे तुझ्या आवारात आली की नाही, व्हर्ना?"

गावचे पोलीसप्रमुख डेल हॉपे शेजारच्या खुर्चीत होते. प्लम फोर्कच्या पोलीस दलात प्रमुख तेवढे होते, बाकी कुणी नव्हतं. त्यांनी तोंडावरचा गरम टॉवेल उचलला. "तुम्ही हो म्हणालात तर ती चोरी होत नाही, ओर्व्हिल. ती उसनवारी झाली."

"मग मी नाही म्हणतो."

"मनापासून?"

"मनापासून कसं म्हणणार? मला पोरीला मदत करायचीय!"

प्रश्न बिकट होता. मालकाला मनापासून राग येईल आणि चोर वस्तू परत देणार नाही, असा चोर हवा होता. आणि प्लम फोर्कमध्ये कुणी नांगर नेला तरी संध्याकाळी धार लावून परत आणून देतो. मग सगळ्यांना एकदमच ओर्व्हिलच्या थोरल्या बहिणीची, हेझलची आठवण झाली. ती गाडी भावाच्या हातून काढून घ्यावी म्हणून हेझल दोन वर्षं देवाला साकडं घालत होती.

"ती नको!" ओर्व्हिल किंचाळले. "ती परत देणार नाही!"

"झालं," हॉपे म्हणाले. "कायद्याचं समाधान झालं."

गुन्हा भर दुपारी घडला. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर असलेली हेझल चर्चला जायची टोपी घालून आली, गाडीवर बसली आणि निघाली. व्हर्नाबाईंनी ते खिडकीतून पाहिलं. (खिडकी चालली.) त्यांनी तत्काळ पोलिसांना कळवलं, म्हणजे मान वळवून शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. पोलीसप्रमुख गळ्याला कापड बांधलेलेच धावत सुटले आणि दहा पावलांत त्यांनी गाडी गाठली. वेग फार नव्हता.

"हेझल, ही गाडी तुमची आहे?"

"नाही."

"परत देणार?"

"मुळीच नाही! त्या मेल्याने माझी गुलाबाची झाडं सपाट केली."

ओर्व्हिल फूटपाथवर उभे राहून मनापासून ओरडत होते. त्यांनी फिर्याद मात्र केली नाही, कारण त्यांचं रात्रीचं जेवण हेझलच करत असे; तेव्हा हेझल गाडीसकट घरी गेली. पुढची पायरी म्हणून व्हर्नाबाईंनी नियमाप्रमाणे सातही विद्यार्थ्यांना ओळीत उभं केलं आणि धोक्याची सूचना वाचून दाखवली: आवाराच्या परिसरात वाहनचोर मोकाट आहे, निळी टोपी, वेग ताशी चार मैल, कुणीही एकट्याने सामोरं जाऊ नये.

ऑक्टोबरात व्हिटमायरसाहेब आले, त्यांनी अहवालातला तो एकमेव आकडा पाहिला आणि उभं राहून व्हर्नाबाईंशी हस्तांदोलन केलं. इतकी निरोगी यंत्रणा त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. मदत चालू राहिली. जोडीने साहेबांचे केस कापले, आणि कानामागचं वळण उत्तम जमलं. व्हर्नाबाई पुन्हा मागच्या खोलीत जाऊन रडल्या, पण या वेळी आनंदाने.

नंतर जे झालं त्यात कुणाचाच दोष नाही, दोष गणिताचा आहे. राज्यातल्या एका वर्तमानपत्राने सगळ्या कॉलेजांचे अहवाल गोळा केले आणि दर हजार विद्यार्थ्यांमागे गुन्हे किती, याचा हिशेब मांडला. सात विद्यार्थ्यांत एक गुन्हा, म्हणजे हजारांत एकशे त्रेचाळीस. स्टेडियमवालं विद्यापीठ, जिथे दर शनिवारी सामन्यानंतर काही ना काही पेटतंच, ते पाचावर अडकलं. क्रॅट्झर केशकर्तन महाविद्यालय हे नेब्रास्कातलं सर्वांत धोकादायक कॉलेज ठरलं. दुसरा नंबर आसपासही नव्हता.

सर्वांत धोकादायक कॉलेजला सुरक्षेसाठी खास मदत असते. खात्याकडून चार कॅमेरे आले, एक प्रखर दिवा आला आणि आवाराला गस्त घालण्यासाठी लाल दिव्याची एक छोटी विजेवरची गाडी आली, रखवालदाराच्या पगारासकट. हॉपेंनाही दोनदा नाकारलेली दुसरी मोटार मंजूर झाली. (ती चालवायला दुसरा पोलीस नाही, म्हणून ते एक दिवसाआड बदलून चालवतात.) रखवालदाराच्या जागेसाठी गावात एकच लायक माणूस होता. त्याच्यापाशी भरपूर वेळ होता आणि गुन्ह्याचा प्रत्यक्ष अनुभव होता. फूटपाथवर चालणाऱ्या गाडीला परवाना लागत नाही. हेझल येऊन ती गाडी सर्व बाजूंनी निरखून गेली आहे.

यंदा व्हर्नाबाईंकडे जागेच्या तिप्पट अर्ज आले. शेजारच्या जिल्ह्यातही असंच एक कॉलेज आहे, तिथे गुन्हे शून्य, पण दारात कॅमेरा नाही की माणूस नाही. आईबाप तिथं जातात, इकडेतिकडे बघतात, "इथे सुरक्षेची काही सोयच दिसत नाही" म्हणतात आणि लेकीला घेऊन प्लम फोर्कला येतात. इथे लाल दिवा फिरताना दिसला की त्यांच्या जिवात जीव येतो.

तुम्ही हसताय, हसा. पण तुमच्या मुलीला कॉलेजात घालताना तुम्हीही आधी फाटकावर माणूस आहे ना, एवढंच पाहिलंत. तो कशाची राखण करतो, हे विचारलंत का? इथे गस्त घालणारे ओर्व्हिल तर सगळं खरंखुरं सांगायला एका पायावर तयार आहेत. अजून त्यांना कुणी विचारलेलं नाही.