दोन शिड्या, एक गाडी

सकाळी सव्वासातला बिऱ्हाडं हलवणाऱ्या कंपनीच्या यार्डात जिन-ओकला शिडीची एकच गाडी उभी दिसली. वर ऑफिसातल्या फळ्यावर तिनं स्वतःच्या हातानं शिडीची दोन चुंबकं लावली होती, एक बांग आजींच्या नावापुढे, दुसरं दंतवैद्य योम यांच्या नावापुढे. वेळ दोघांचीही आठची.

मागच्या महिन्यात शिडीचं चुंबक हरवलं म्हणून तिनं नवं केलं होतं. परवा जुनं फ्रिजखाली सापडलं, तर तिनं तेही हौसेनं फळ्यावर चिकटवलं. फळ्यावर गाड्या दोन झाल्या, यार्डात एकच राहिली.

एरवी कसंबसं निभावलं असतं. पण आज चांद्र महिन्याची दहा तारीख, म्हणजे घर बदलणाऱ्यांना आडवी येणारी भुतं सुटीवर जातात तो दिवस. सगळं इंचॉन शहर आजच बिऱ्हाडं हलवणार होतं. कपाटं खिडकीतून चढवायला शिडी लागते, आणि आज दुसरी शिडी देवानं मागितली असती तरी मिळाली नसती.

आधीच्या कारकुनानं असाच घोळ घातला, तेव्हा मालक मा यांनी त्याचं टेबल त्याच्यासकट ट्रकमध्ये चढवून घरी पोचवलं होतं. जिन-ओकची तर उमेदवारी उद्या संपायची होती.

शिडीचे ड्रायव्हर ग्वाक काका गाडीला टेकून किंबापच्या भातगुंडाळ्या खात होते.

"काका, एकाच वेळी दोन घरं होतील?"

"होतील की. मला मधोमध काप."

"थट्टा नको हो! नोकरी जातेय माझी!"

"मग एकाला उद्यावर ढकल. आमच्या आईनं तेच केलं होतं. चांगल्या दिवशी भाताचा कुकर नव्या घरात नेऊन ठेवायचा, म्हणजे बिऱ्हाड आलं असंच भुतं धरून चालतात. सामान मागून कधीही नेलं तरी चालतं."

जिन-ओकनं घाम पुसत आजींना फोन लावला.

"उद्या?" आजी कडाडल्या. "उद्या भूत पूर्वेला असतं, आणि माझं नवं घर पूर्वेलाच! मला मारायचं ठरवलंयस का गं?"

"आजी, कुकर आजच पोचवते. मी स्वतः."

"सुनेला विचारून सांगते."

आजी नाही म्हणाल्या तर? या भीतीनं तिनं दंतवैद्यांनाही तेच विचारलं. "बघतो," एवढंच ते म्हणाले.

पाच मिनिटांत आजींचा होकार आला. सहाव्या मिनिटाला दंतवैद्यांचाही.

तिला हायसं वाटलं, ते जेमतेम ग्वाक काकांनी तोंड उघडेपर्यंत. "म्हणजे आज मी कुठे जायचं?"

दोघंही उद्यावर गेले होते. उद्या एकाचं सकाळी, दुसऱ्याचं दुपारी करता आलं असतं. पण इतक्या गर्दीच्या दिवशी शिडी यार्डात रिकामी? मालकांनी हे पाहिलं तर टेबल काय, खुर्चीसुद्धा उरणार नव्हती. तिनं पुन्हा फोन लावले. दंतवैद्य कुणाच्या तरी दाढेत गुंतले होते.

"आता ठरलं ते ठरलं!" आजी म्हणाल्या. "माझ्या नशिबाचा चेंडू करू नकोस. आणि कुकर नुसता नको, आत भात हवा."

दोघांच्या जुन्या घरांतून भरलेले कुकर उचलून, ते मांडीवर घेऊन तिनं टॅक्सीतून दोन्ही नवी घरं गाठली. गरम भातानं मांड्या भाजत होत्या, पण तिकडे तिचं लक्षच नव्हतं. साडेनऊला ती परतली, तर मालक शिडीच्या गाडीसमोर उभे होते. चेहरा पांढराफटक.

"जिन-ओक, ही गाडी इथे कशी?"

"साहेब, मी... म्हणजे ते चुंबक..."

"थांब, आधी माझं ऐक." मालकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सासूबाई आज घर बदलतायत. तेरावा मजला. शिडी पाठवतो म्हणून महिन्याभरापूर्वी हो म्हटलं, आणि तुला सांगायचं विसरलो. आठ वाजल्यापासून त्या रस्त्यावर सामान घेऊन बसल्यात. मी फोन बंद ठेवलाय."

जिन-ओकला आधी कळेचना. मग ती हळूच म्हणाली, "गाडी रिकामीच आहे, साहेब."

"आजच्या दिवशी?"

"राखून ठेवली होती."

मालकांचे डोळे भरून आले. "अशी माणसं हवीत! तुझी नोकरी पक्की. आजपासूनच."

इतक्या वर्षांत मालक कुणाला घाबरतात हे यार्डात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ते कळल्यावर तिला त्यांची थोडी दयाच आली.

"फळ्यावर आज तुझ्या नावापुढे काही काम लावलंय का गं?" मालकांनी विचारलं.

"नाही, साहेब. काहीच नाही."

"मग चल बस गाडीत. दीड तास उशीर का झाला, ते सासूबाईंना तू सांग."

ग्वाक काकांनी गाडी सुरू केली. जिन-ओकला पुढे बसवून मालक मागच्या सीटवर गेले आणि खिडकीच्या खाली वाकून बसले.