लिंबू टोचलेला चाकू

मंदार एक वेळ चपला विसरेल, पण खिशातला चाकू विसरायचा नाही! साधासुधा नव्हे हं! टायटॅनियमची मूठ, अंगठ्यानं ढकललं की खट्कन उघडणारं पातं. वाळूजच्या कंपनीत खोक्यांच्या पट्ट्या त्यानंच कापायच्या, डब्यातली काकडीही त्यानंच. "हा जवळ असला की आपण कुणाच्या बापाला भीत नाही!" असं तो ज्याला त्याला ऐकवायचा.

तर त्याचा कंपनीतला जिवाभावाचा दोस्त शिवराज, त्याचं लग्न सिल्लोडला. बजाजनगरातून गाडी निघायची वेळ झाली आणि शिवराजच्या आत्यानं, सारजाबाईनं, कपाळावर हात मारला. नवरदेवाची कट्यार सापडेना! हळद लागलेल्या नवरदेवानं हातात लोखंड नसताना घराबाहेर पडायचं नसतं, बाहेरचं काही झपाटतं म्हणे. मंदारनं मोठ्या ऐटीत चाकू काढून दिला. सारजाबाईनं त्याच्या टोकाला लिंबू टोचलं आणि तो शिवराजच्या मुठीत कोंबला.

"अक्षदा पडंस्तोर हातातून सोडायचा नाय! कायबी झालं तरी!"

मंदारचं लक्ष मात्र पात्याच्या टोकाकडं. लिंबू! त्याच्या पात्याला! आंबटानं एकदा डाग पडला की गेलंच ते!

फुलंब्रीच्या पुढं शिवराजला डुलकी लागली. मंदारनं हळूच त्याची बोटं सोडवली, लिंबू उपटलं आणि रुमालानं पातं पुसायला घेतलं. तेवढ्यात गाडी दोन गचके देऊन बंद पडली.

भर दुपार. माळावर प्लॉटिंगचे रंगीत झेंडे, माणूस एक नाही. वारा औषधालासुद्धा नव्हता, तरी एकच झेंडा हलत होता. रस्त्यालगत मुरमाचा ढीग आणि त्याच्याआड जुनी विहीर. विहिरीतून आवाज येत होता. ठक्... ठक्... मध्येच थांबायचा. मग पुन्हा ठक्!

"चार वर्षं झाली, हिच्यात थेंब नाय," ड्रायव्हर कारभारी पुटपुटला. "मग आत कोण हाय?"

शिवराज दचकून उठला. मूठ रिकामी! सारजाबाईनं मंदारच्या हातातला चाकू पाहिला आणि ती पांढरीफटक पडली.

"काढून घेतलास? आरं, ह्याच विहिरीवर माझ्या चुलत्याची वरात थांबली व्हती! नवरदेव हातपाय धुवायला उतरला, तो आजतागायत वर आला नाय!"

ठक्ठक् थांबली. आणि खोलवरून घोगरा आवाज आला, "आला का रं?"

"मलाच बोलावतंय!" शिवराजनं मंदारला मिठीच मारली.

"ज्यानं लोखंड काढलं, त्यानंच ते विहिरीला द्यायचं," सारजाबाई म्हणाली. "तरच माझ्या लेकराला सोडंल. जा!"

मंदारला रडूच यायचं बाकी होतं. पण दोस्ताकडं बघवत नव्हतं. त्यानं चाकू मिटला, ढिगाऱ्यावर चढला आणि डोळे मिटून चाकू आणि लिंबू दोन्ही विहिरीत फेकले.

खाली ठण्णकन आवाज झाला.

"आरं कोण हाय त्यो! डोस्कं फुटलं असतं की माझं!"

मंदारनं वाकून पाहिलं. तळाशी छिन्नी-हातोडा घेऊन एक घामाघूम माणूस उभा. "मी पुंजाराम! प्लॉटवाल्यानं हीर खोल करायला लावलंय. भाऊ भाकर आणायला गेलाय, मला वाटलं त्योच आला!"

इकडं कारभारीनं बॉनेट उघडलं. रेडिएटर ठणठणीत कोरडा! बजाजनगरात आठ दिवसांत नळच आला नव्हता, पाणी भरणार कुठून? तो मुकाट्यानं पिण्याच्या बाटल्या ओतू लागला.

"काका," मंदारनं विहिरीत वाकून आशेनं हाक मारली, "तो चाकू जरा वर—"

"खबरदार!" सारजाबाई कडाडली. "विहिरीला दिलेलं परत घेत नसतेत!"

"मंदार, तुला माझी शपथ हाय!" शिवराजनं हात जोडले.

विहिरीतून आवाज आला, खट्! पुन्हा खट्!

"लई भारी हाय की!" पुंजाराम खूश झाला. "अन् वर लिंबूबी! भाकरीवर पिळतो आता!"

मंदारला राहवलं नाही. तो ढिगाऱ्यावर पालथा पडून विहिरीत ओरडला, "अहो, चिरून झालं की पातं लगेच पुसा हो! डाग पडतो!"