संस्थापकांचा फोटो

नागेशनं कराटेची संघटना काढायचं ठरवलं ते अणशी घाटात, कारवारहून परतताना, लेक रक्षा खिडकीबाहेर मान काढून ओकत असताना.

रक्षाला जिल्हा स्पर्धेत दुसरा नंबर मिळाला होता. पण भोंग्यावरून नाव पुकारलं ते भलत्याच तालुक्याच्या क्लबाचं. जोयडा तालुक्याला स्वतःची संघटना नव्हती, म्हणून पोरं दुसऱ्याच्या नावावर खेळायची. नागेशच्या ते फार जिव्हारी लागलं. (तारुण्यात तो बेळगावात कराटे शिकला होता, ब्राउन बेल्टपर्यंत. ब्लॅक बेल्टची परीक्षा नेमकी लग्नाच्या मुहूर्तावर आली. हे तो बायकोला, राजेश्वरीला, अजून दर महिन्याला ऐकवतो.)

“आपली स्वतःची संघटना पायजे,” तो म्हणाला.

“आधी पोरास्नी गाडी पायजे,” राजेश्वरी लेकीची पाठ चोळत म्हणाली. “कुंभारवाड्याच्या पोरांची एक बस चुकली की तुमचा क्लास बुडतोय.”

“संघटना झाली की गाडी आपसूक येती.”

आणि आली. गाडीबरोबर विठ्ठलअण्णाही आला.

विठ्ठलअण्णा गुंद गावचा. त्याच्याकडे क्रूझर होती. कराटे म्हणजे विटा फोडणं, एवढीच त्याची माहिती. पण उपाध्यक्ष केल्याशिवाय त्याची क्रूझर सुरू होईना. अध्यक्ष अर्थात नागेश. काळी नदीच्या नावावरून काढलेल्या ‘काळी खोरे कराटे संघटने’त बाकी सगळ्यांनाही पदं हवी होती, साधा सदस्य व्हायला कोणी राजी नव्हतं. कॅसलरॉकच्या एका गृहस्थांसाठी पदच उरेना, तेव्हा ‘कॅसलरॉक विभागप्रमुख’ असं नवं काढावं लागलं. त्यांच्या विभागात पोरं तीन, त्यांतली दोन त्यांचीच.

संघटनेचं ऑफिस म्हणजे रामनगरातलं नागेशचं घर. माजघरात मॅट आल्या आणि खिडकीपर्यंत रचल्या गेल्या. देवापुढं दिवा लावायला राजेश्वरी मॅटवर चढून पलीकडं उतरायची. ज्या तुळईला ती पावसाळ्यानंतर तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या, टांगायची, तिथं पंचिंग बॅग लोंबू लागली. दूरची पोरं मुक्कामाला राहायची, सकाळी भाकरी खाऊन खळ्यात ओरडत लाथा झाडायची. गोठ्यातल्या म्हशीनं दोन दिवस पान्हा चोरला, मग तीही सरावली.

पोरं मात्र तयार झाली, हे कबूल केलं पाहिजे. नागेश शिकवायचा मन लावून. गुंदच्या ज्या पोरी पाहुण्यांसमोर तोंड वर करत नव्हत्या, त्या आता समोरच्याच्या डोळ्याला डोळा भिडवून उभ्या राहायच्या. रक्षाचं तर चौदा वर्षांखालच्या गटातलं ते शेवटचं वर्ष. यंदा पहिला नंबर तिचाच, असं विठ्ठलअण्णासुद्धा म्हणायचा.

स्पर्धेच्या दिवशी उजाडायच्या आत निघायचं होतं. रामनगरची पोरं क्रूझरमध्ये बसली. कुंभारवाड्याची वाटेत रस्त्यावर येऊन थांबणार होती. नागेश पिशवी घेऊन बाहेर आला आणि त्यानं क्रूझरच्या तोंडावर बांधलेला बॅनर पाहिला.

बॅनरवर विठ्ठलअण्णा होता. कमरेपासून वर, काळा चष्मा लावून, हात जोडून. खाली कोपऱ्यात, बॅनरला भोक पाडून दोरी ओवली होती तिथं, नागेश होता. दोरी त्याच्या कपाळातूनच गेली होती.

“ह्ये काय हाय?” नागेशनं विचारलं.

“बॅनर,” विठ्ठलअण्णा म्हणाला. “छापणाऱ्यानं केलंय. मी फकस्त फोटो दिला.”

“संस्थापक असं कुठं लिवलंय?”

“जागा न्हाई उरली.”

“ती कशी उरंल? तुझ्या खांद्यातच संपली.”

विठ्ठलअण्णा म्हणाला, चल, परत आल्यावर बघू. राजेश्वरी म्हणाली, बॅनर सोडून टाका आणि निघा. नागेशनं दोघांचं ऐकलं नाही. पोरांचे जन्मदाखले त्याच्या पिशवीत होते. ती छातीशी धरून तो बॅनरवाल्याच्या बंद शटरसमोर पायरीवर जाऊन बसला. नवा बॅनर झाल्याशिवाय गाडी हलणार नाही म्हणाला. रक्षा गाडीतून उतरून त्याच्यापर्यंत आली.

“बाबा, वजन घ्यायचं बंद करत्यात.”

“थांबत्यात आपल्यासाठी. आता आपली संघटना हाय.”

शटर उघडलं, कॉम्प्युटर सुरू झाला, नागेशनं स्वतःचा फोटो तीनदा मोठा करून घेतला. कुंभारवाड्याची पोरं तोवर ऊन चढेपर्यंत रस्त्याकडेला ताटकळत होती. कारवारला पोचले तेव्हा वजनाचा काटा उचलून ठेवलेला, आणि वजन झाल्याशिवाय कुणाला खेळू देत नव्हते. पोरांनी पांढरे कपडे घालून गॅलरीत बसून दिवसभर दुसऱ्यांच्या लढती बघितल्या. नवा बॅनर बाहेर क्रूझरवर फडफडत होता. फार सुरेख छापला होता. परतीच्या वाटेत त्या दिवशी घाटात रक्षा ओकलीसुद्धा नाही.

पुढच्या रविवारी विठ्ठलअण्णानं नागेशच्या घरी बैठक बोलावली. राजेश्वरीनं कोंबडीचा रस्सा केला. (संघटनेची बैठक रश्श्याशिवाय पुरी होत नसे.) नागेशशी पाच-सहा दिवस कोणी धड बोललं नव्हतं, त्यामुळं तो ताटात डोकं घालून जेवत होता. रस्सा संपला तशी त्यानं मान वर न करताच स्वयंपाकघराच्या दिशेनं हात केला.

रस्सा काही येईना. नागेशनं मान वर केली तर सगळ्यांचेच हात वर होते.

“एकमतानं,” विठ्ठलअण्णा म्हणाला.

“काय एकमतानं?”

“राजेश्वरीवैनी अध्यक्ष. आत्ताच इचारलं की. तू बी हात केलास.”

“मी रस्सा मागितला.”

“त्यो बी मिळंल,” राजेश्वरी दारातून म्हणाली. तिच्या एका हातात पळी होती. दुसरा हात वर होता.

वर्ष गेलं. राजेश्वरीनं एकच नियम केला, की पोरं आधी आणि बाकी सगळं मागनं. क्रूझरला बॅनर नव्हता. कारवारला ते इतक्या लवकर पोचले की हॉलला कुलूप होतं.

हॉल उघडला तेव्हा पोरांबरोबर आत फक्त पदाधिकाऱ्यांना सोडत होते.

“आपण कोण?” दारावरच्या माणसानं विचारलं.

“संस्थापक.”

“ते पद आमच्यात नाही,” तो म्हणाला आणि त्यानं नागेशला कठड्याबाहेर, पोरांनी चपला काढल्या होत्या तिथं उभं केलं.

रक्षा आता वरच्या गटात होती. समोरची पोरगी तिच्याहून वीतभर उंच. रक्षा पहिल्याच फेरीत हरली. वाकून नमस्कार करून ती बाहेर आली आणि चप्पल शोधू लागली. नागेशनं तिची चप्पल उचलून पुढं सरकवली.

“मागल्या साली खेळली असतीस तर…” तो म्हणाला.

“व्हय,” रक्षा म्हणाली. एवढंच. पाणी प्यायला निघून गेली.

नागेश तिथंच उभा राहिला. थोड्या वेळानं दुसऱ्या कुठल्या तालुक्याचा एक मुलगा धावत आला, त्यानं बूट काढून नागेशच्या पायाशी ठेवले आणि हात पुढं केला.

“अंकल, टोकन?”