कुठे धरू?

रग्बीच्या मैदानावर इतकी वर्षं मी माणसं आडवी पाडली; एखाद्याला उभ्या उभ्या बोलतं करणं म्हणजे किस झाड की पत्ती! शिवाय बायकोनं बजावलंच होतं, "यापुढे चिखलानं माखून आलास तर दार उघडणार नाही." म्हणून मी खेळ सोडला आणि खेळाडूंच्या मुलाखती घ्यायला चॅनेलवर दाखल झालो. एक सामना चाचणीचा. जमलं तर नोकरी पक्की.

पहिल्याच दिवशी मला सगळ्याचं भयंकर कुतूहल. "हे बटण कशाचं?" मी साउंडवाल्याला विचारलं.

"दाबू नका."

"का?" मी दाबून विचारलं.

"आता अख्ख्या मैदानानं तुमचा 'का' ऐकला म्हणून."

मग त्यानं माझ्या कानात इअरफोन खुपसला. स्क्रममध्ये, डोक्याला डोकं लावून चालणाऱ्या त्या रेटारेटीत, चेंगरून चेंगरून माझा कान फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा झालाय. इअरफोन सारखा बाहेर यायचा. शेवटी चिकटपट्टीनं बसवला. आतून प्रोड्यूसरबाईंचा आवाज आला. एवढी मोठ्या आवाजाची बाई, असेल तरी केवढी?

"मॅडम, तुम्ही बसता कुठे?"

"बाहेर व्हॅनमध्ये. गप्प बसा आणि एकच प्रश्न पाठ करा. 'आता कसं वाटतंय?'"

सामना संपला. हरलेला कॅप्टन कुणाशी न बोलता तरातरा आत निघाला. कानात किंकाळी उठली, "अहो, तो निसटतोय! धरा त्याला! गेला तर तुमची नोकरीही गेली!"

नवीन माणसानं विचारून घेतलेलं बरं. "कुठे धरू?"

"मिळेल तिथे!"

"थेट?"

"थेटच चाललंय सगळं! धरा!"

धरलं. कमरेत. आम्ही दोघं चिखलातून घसरत जाहिरातीच्या फळीवर आदळलो. 'कट्' असा आवाज झाला. फळी शाबूत होती. पण माईक मी सोडला नव्हता! त्याच्या पोटावर बसूनच विचारलं, "आता कसं वाटतंय?"

आणि कॅप्टन बोलला! स्वतःच्या खांद्याबद्दल, माझ्याबद्दल, माझ्या सात पिढ्यांबद्दल. एक शब्द दुसऱ्यांदा वापरला नाही पठ्ठ्यानं!

बाई व्हॅनमधून धावत आल्या. (साधारणच उंचीच्या निघाल्या.) "लोक वेडे झालेत! नोकरी पक्की!"

मी हात पुढे केला. बाईंनी तो ओलांडून कॅप्टनचा धड असलेला हात हातात घेतला. "उद्यापासून माईक तुमच्याकडे!"

खांदा जुळेपर्यंत तो काही खेळणार नव्हता. त्याच्या संघात एक जागा रिकामी झाली, आणि त्यांच्या कोचला माझी पकड फारच आवडली होती.

पहिला सामना खेळून मी नखशिखांत चिखलात घरी आलो. बेल वाजवली. दार काही उघडलं नाही. आतून बायकोचा आवाज मात्र आला.

"आता कसं वाटतंय?"