देशकर मॅडमचं हजेरीचं पान

देशकर मॅडम इंटरनेट वहीत उतरवून घेत असत. सारांश नव्हे, टिपणं नव्हे, अख्खं पान. वर लाल शाईत वेबसाइटचा पत्ता, 'एचटीटीपी'पासून सगळ्या तिरक्या रेघांसकट. खाली मजकूर, चित्राच्या जागी चित्र, आणि निळ्या अक्षरांतली लिंक असेल तर ती निळ्या पेनाने, अधोरेखित. प्रकाशाच्या परावर्तनावरचं एक पान त्यांनी उतरवलं, त्यात उजवीकडची गाद्यांची जाहिरातसुद्धा सुटली नव्हती.

"ही जाहिरात कशाला, मॅडम?"

"आहे ना ती पानावर? मंग?"

क्रॉयडनच्या ज्या शाळेत मी आयसीटी, म्हणजे कॉम्प्युटर, शिकवत होते, तिथे मॅडम सायन्स शिकवायच्या. त्या काळात इकडे विलायतेत सायन्सचे शिक्षक मिळत नसत, म्हणून एका एजन्सीने त्यांना नागपूरहून आणलं होतं. तिथे बावीस वर्षं त्यांनी रोज पाठ टाचण काढलं होतं, म्हणजे तासाला काय शिकवणार ते आधी वहीत लिहून हेडमास्तरांची सही घ्यायची. इथेही त्या दर सोमवारी वही घेऊन हेडसमोर उभ्या राहत. हेड बिचारा गोंधळायचा आणि प्रत्येक पानावर 'लव्हली' असं लिहून सुटका करून घ्यायचा.

कॉम्प्युटर दाखवला की त्यांचा एकच प्रश्न असे. "अन् लाइट गेली तर?"

"मॅडम, इथे लाइट जात नाही."

"आजपर्यंत नाही गेली, असं म्हण."

ही सगळी गंमत मला गंमत वाटली असती, पण तेव्हा वाटत नव्हती. परदेशातून आलेल्या शिक्षकाला चार वर्षांत इथली पात्रता मिळवावी लागे, आणि मॅडमची चार वर्षं जुलैत संपत होती. नोव्हेंबरमध्ये त्यांच्या तासाची तपासणी झाली, तेव्हा त्यांनी टॉर्च आणि आरसा घेऊन असा झकास तास घेतला की पोरांनी बाकं वाजवली. कॉम्प्युटरला मात्र हातही लावला नाही. अहवालात बाकी सगळं उत्तम आणि 'वर्गात इंटरनेटचा वापर' याच्यापुढे फुली. मार्चमध्ये आणखी एक संधी, शेवटची. ती गेली की नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर वर्क परमिटही. नागपूरची जागा केव्हाच भरली होती. मिस्टर सहा वर्षांपूर्वी गेले होते. हेडने मॅडमना माझ्या स्वाधीन केलं.

मी मूळची पुण्याची. दुसऱ्याला शिकवायची हौस उपजत, धीर मात्र अजिबात नाही. त्यात मॅडम पडद्यावर आलेली प्रत्येक सूचना मोठ्याने वाचायच्या आणि तिचा अर्थ मला विचारायच्या. पहिले दोन आठवडे मी घरी जाऊन नवऱ्यावर ओरडत होते.

पण मग शाळेने प्रत्येक वर्गाला ऑनलाइन पान दिलं आणि मॅडमनी एका संध्याकाळी ते स्वतःचं स्वतः भरून टाकलं. मी कौतुकाने उघडून बघितलं. प्रयोग नव्हते, व्हिडिओ नव्हते. हजेरी होती.

आठवी-सीच्या अठ्ठावीस मुलांची नावं, आधी मुलगे, मग मुली. तीही आपल्या पद्धतीने. आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. 'टर्नर जेसिका कीथ.' 'मर्फी डॅनियल पॅट्रिक.' मुलांना एकेकाला विचारून मॅडमनी वडिलांची नावं गोळा केली होती. ज्यांच्या घरी वडील नव्हते त्यांच्यापुढे आईचं, आणि एकाने 'माय नॅन' सांगितलं म्हणून त्याच्यापुढे आजीचं. रोज सकाळी आठ चाळीसला मॅडम ही यादी नव्याने टाइप करायच्या आणि पोरांनी खाली 'प्रेझेंट' लिहायचं.

"मॅडम, हजेरी ऑफिसच्या रजिस्टरला होते ना?"

"ती ऑफिसची. ही माझी."

मी पुष्कळ डोकं फोडलं. मग म्हटलं जाऊ दे, बाई टाइप करायला तरी शिकल्या.

मार्चमधल्या त्या गुरुवारी मिसेस हॅरिस नावाच्या तपासनीस बाई मागच्या बाकावर येऊन बसल्या. काही बिघडलं तर हाताशी असावी म्हणून मला शेजारी बसवलं होतं. मॅडमनी टेबलावर टाचणवही, टॉर्च, आरसा आणि चार मेणबत्त्या मांडून ठेवल्या होत्या.

कॉम्प्युटर पहिल्या झटक्यात चालू झाला. प्रोजेक्टर लागला, साइट उघडली. आणि सगळं सुरळीत आहे म्हटल्यावर मॅडमचा धीर सुटला. त्यांनी चार महिने तयारी केली होती ती बंद पडण्याची. हातात माउस धरून त्या नुसत्या उभ्या राहिल्या आणि छताच्या ट्यूबकडे बघत बसल्या. अर्धं मिनिट गेलं. मिसेस हॅरिसनी घड्याळ पाहिलं. मला वाटलं, संपलं.

पहिल्या बाकावरची जेसिका हळूच म्हणाली, "जस्ट क्लिक इट, मिस."

मॅडमनी क्लिक केलं. पडद्यावरच्या लोलकातून पांढरा किरण आत गेला आणि सात रंग होऊन बाहेर पडला. ते रंग बघताना मॅडम मिसेस हॅरिसना विसरल्या, मला विसरल्या, लाइटलाही विसरल्या. "लाल रंग वरच का? कोण सांगेल?" एवढंच त्यांनी विचारलं आणि वर्गात भांडण जुंपलं. पोरं पुढे येऊन माउसने लोलक फिरवू लागली. मी इतक्या वर्षांत असा तास घेतलेला नाही, हे मी कबूल केलं पाहिजे.

शेवटी उत्तरं लिहायला मॅडमनी वर्गाचं पान उघडलं आणि भिंतभर पसरली ती अठ्ठावीस पूर्ण नावं, आईवडिलांसकट. मिसेस हॅरिसचं पेन थांबलं. मग भराभरा चालू लागलं.

कॉरिडॉरमध्ये त्यांनी आम्हाला दोघींना गाठलं. तास पास आहे, म्हणाल्या, पण मुलांची आणि पालकांची नावं अशी इंटरनेटवर टाकणं धोक्याचं आहे, नियमात बसत नाही. ते पान आज चारच्या आत पूर्ण काढून टाका, मी तोवर इथेच आहे, मग सही करते.

मी मनात पेढे वाटले. दोन क्लिकचं काम! तीनला शाळा सुटली, मी मॅडमना कॉम्प्युटर रूममध्ये नेलं, पान उघडून दिलं.

"वडिलांची नावं काढते," मॅडम म्हणाल्या. "पान राहू दे."

"पानच काढायला सांगितलंय त्यांनी."

"मंग विचार करते."

साडेतीन झाले. मॅडम हलेनात. तीन पस्तीस. माझा संयम संपला.

"विचार कसला करताय, मॅडम? चार वर्षं घासलीत, आणि एका फालतू हजेरीपायी घरी जाणार? हट्टाला काही सीमा असते!"

त्या माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या. त्यांच्याशी असं कोणी बोलत नसे. मी त्यांच्या हातातला माउस घेतला आणि पान मागे सरकवायला लागले, किती जुन्या नोंदी आहेत ते बघायला.

फेब्रुवारीची हाफ-टर्म. शाळा बंद, तरी रोज आठ चाळीसला हजेरी. अठ्ठावीस नावं, खाली एकही उत्तर नाही. शनिवार, रविवार, तेच. नाताळची सुट्टी. पंचवीस डिसेंबर, ट्राम बंद, बस बंद, दुकानं बंद, अख्खं क्रॉयडन आपापल्या घरात. सकाळी आठ चाळीस. 'गुड मॉर्निंग, आठवी-सी.' आणि खाली पहिलं ते शेवटचं नाव.

"मॅडम, हे काय आहे?"

"सुट्टीत पोरं येत नाहीत, माहीत आहे मला," त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या. "मी नाव आधी मोठ्याने म्हणते, मंग घरमालकिणीच्या कॉम्प्युटरवर टाइप करते. ती सुट्टीत लेस्टरला मुलीकडे जाते गं. दोन-दोन दिवस माझा आवाजच निघत नाही, बेटा. एकदा दुकानात नुसतं थँक यू म्हणायला गेली, तर घशातून शब्दच निघेना. मंग घाबरली मी. म्हटलं, रोज सकाळी कोणाला तरी हाक मारायची."

त्या राहत होत्या ते घर माझ्या घरापासून दोन ट्राम स्टॉप लांब. साडेतीन वर्षांत मी त्यांना 'या ना एकदा घरी' असं शंभरदा म्हटलं असेल. वार एकदाही सांगितला नव्हता. मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

"द्या इकडे," म्हणून मॅडमनीच माउस घेतला. चारला दहा मिनिटं असताना त्यांनी पान पुसलं. एकदाच क्लिक केलं, न अडखळता. मिसेस हॅरिसनी सही केली, हात हातात घेऊन अभिनंदन केलं, आणि गेल्या.

आम्ही दोघी गेटपाशी आलो. मॅडम मफलर गुंडाळत होत्या.

"शनिवारी जेवायला या, मॅडम. परवाच. बारा वाजता."

त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. "काय आहे? कोणाचा बर्थडे? कोण कोण येऊन राहिलं?"

"कोणी नाही. तुम्हीच."

"फक्त माझ्यासाठी करशील?"

"हो."

आम्ही ट्राम स्टॉपपर्यंत चालत गेलो. ट्राम आली, दार उघडलं, तेव्हा माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "मंग आता कॅन्सल करू नको बरं."