अठरा किलोंची सोबत

वळणावर गाडी जरा कमी झुलावी, एवढीच निरीक्षकांची इच्छा होती. (मोठे घोटाळे नेहमी अशा एवढ्याशा इच्छेपायीच होतात. मोठ्या इच्छा असणारी माणसं निदान आधी विचार तरी करतात.)

निरीक्षक म्हणजे वजनमापं खात्यातले. दुकानोदुकानी जाऊन काटे तपासायचे, बरोबर असतील तर शिशाचं सील ठोकायचं आणि खोटे असतील तर दुकानदाराकडे नुसतं बघायचं, हे त्यांचं काम. त्या बघण्यानेच चांगल्या चांगल्यांना घाम फुटायचा. बावीस वर्षांत एकही लबाड काटा त्यांच्या हातून सुटला नव्हता. असा हा नाकासमोर चालणारा माणूस पन्नाशीला टेकल्यावर एका लाल, बुटक्या, दोन दारांच्या जुन्या स्पोर्ट्स कारच्या प्रेमात पडला आणि तिला घरी घेऊन आला.

बायकोने गाडी घरात घेतली, पण अट घालून. डॉक्टरांनी निरीक्षकांना तपासून झाल्यावर तिला बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं होतं. काय ते तिने कुणाला सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून तेलाची बरणी सगळ्यात वरच्या फळीवर गेली आणि फ्रिजवर एक कार्ड लागलं. दर रविवारी घरातल्या काट्यावर उभं राहायचं आणि आकडा कार्डावर लिहायचा. सहा महिन्यांत अडुसष्टवर आलात तर गाडीचं काय हवं ते करा, नाही आलात तर गाडी विकायची. निरीक्षकांनी शब्द दिला. आणि खरोखर आकडा दर रविवारी उतरत गेला! बायको एकदा कार्डाकडे बघायची, एकदा नवऱ्याकडे बघायची. शेवटी एक दिवस ती जाऊन डोळे तपासून, चष्म्याचा नंबर बदलून आली.

सहा महिने भरले तशी दोघं गुरुजींकडे गेली. गुरुजी शाळेतले नव्हेत. तरुणपणी शर्यतीच्या गाड्या पळवलेला हा माणूस आता गोदामांच्या रांगेतल्या शेवटच्या शेडमध्ये गाड्यांचं सस्पेन्शन, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा आणि शॉकअब्सॉर्बर, बदलून द्यायचा. बोलायचा कमी, आणि बोललाच तर शक्यतो गाडीशी. त्याची रीतही निराळी होती. शिंप्याने अंगाचं माप घ्यावं तसं तो मालकाचं वजन विचारायचा. तेवढी वाळू पोत्यांत भरायची, पोती ड्रायव्हरच्या सीटवर बसवायची, चार चाकांखाली चार सपाट काटे सरकवायचे आणि एकेक स्प्रिंग पिळत गाडी त्या वजनाला नेमकी बसवायची.

"वजन?" गुरुजींनी विचारलं.

"अडुसष्ट!" उत्तर बायकोने दिलं. निरीक्षकांचा हुद्दासुद्धा तिने इतक्या अभिमानाने कधी सांगितला नव्हता.

"गाडी खाली घेतोय. चाकावर दोन बोटांची जागा राहील. वजन वाढलं तर चालायचं नाही."

"नाही हो, आता कुठलं वाढतंय!"

गुरुजींनी निरीक्षकांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. निरीक्षकांनी मान डोलावली. गेले सहा महिने ते ही मान अगदी मनापासून डोलावत होते.

दोन दिवसांनी संध्याकाळी ते गाडी बघायला गेले तेव्हा शेडमध्ये कोणी नव्हतं. दिवा बंद होता. गाडीत मात्र कोणीतरी बसलं होतं. रुंद खांदे, सैल पोट, छातीवरून आवळलेला सीटबेल्ट, आणि खांद्यांच्या वर काहीच नाही. निरीक्षक जागच्या जागी थिजले. मग लक्षात आलं, ही आपल्या वजनाची पोती. आपल्याच जागी आपल्यालाच बसलेलं बघून त्यांना हसू यायला हवं होतं. ते आलं नाही. एका पोत्याच्या शिवणीतून वाळूची बारीक धार सीटवर गळत होती, आणि त्या शांततेत तिचा आवाजसुद्धा येत होता.

गाडी घरी आली आणि पहिल्याच डाव्या वळणावर ती कण्हली.

हुंऽऽऽ. आवाज उजव्या बाजूने, अगदी कानाखालून आला. दुखणाईत माणसाने कूस बदलताना काढावा तसा. निरीक्षकांनी गाडी थांबवली, खाली वाकून पाहिलं. काही नाही. पुढच्या डाव्या वळणावर पुन्हा तेच.

घरासमोर ते उतरले. गाडी जराशी वर उठली, थांबली, आणि मग एक मंद सुस्कारा टाकून आणखी जराशी उठली. निरीक्षक दाराची कडी धरून उभेच राहिले. पहिल्यांदा उठली ती आपण उतरलो म्हणून. मग दुसऱ्यांदा कोण उतरलं?

दुसऱ्या दिवशी सीटवर चिमूटभर वाळू होती. त्यांनी ती झटकली. तिसऱ्या दिवशी पुन्हा होती, बरोबर त्यांच्या बसण्याच्या जागी. त्यांनी आरसा मागच्या काचेऐवजी शेजारच्या सीटकडे वळवून ठेवला, मग तोही बघवेना म्हणून वर छताकडे वळवला. (मागून येणारे लोक हॉर्न वाजवून दमले.)

"अहो, रंग का उडालाय तुमचा?" बायकोने विचारलं.

"अगं, गाडीत कोणीतरी आहे."

"कोणीतरी म्हणजे?"

"माझ्याबरोबर चढतं. माझ्याबरोबर उतरतं. जरा मागून."

बायकोने चष्मा पुसला, किल्ली घेतली आणि ती एकटीच गाडीची चक्कर मारून आली. डावी वळणं, उजवी वळणं, सगळी झाली. गाडीने हूं का चूं केलं नाही. मग निरीक्षक बसले आणि ती दारात उभी राहून बघू लागली. गाडी उजवीकडे कलली. नुसती कलली नाही, दबली. बायको दारातून दोन पावलं मागे सरली. "उतरा," ती म्हणाली. "आधी उतरा तुम्ही."

ते उतरले. गाडी उठली. थांबली. सुस्कारा टाकला. पुन्हा उठली.

त्यानंतर घरात त्या विषयावर कोणी मोठ्याने बोलेना. जेवतानासुद्धा दोघं खिडकीतून गाडीकडे बघत. शेवटी बायको म्हणाली, "गुरुजींना दाखवू. तिथे काही निघालं नाही तर विकून टाकू. मला तुम्ही हवे आहात, गाडी नको."

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं आणि काही न बोलता गाडी चार काट्यांवर घेतली. भिंतीवर पहिल्या दिवसाचे आकडे खडूने लिहिलेले होते. रिकाम्या गाडीचे आकडे तंतोतंत जुळले.

"साहेब, बसा."

निरीक्षक बसले. गुरुजींनी आकडे वाचले, बेरीज केली, पुसली, पुन्हा केली.

"अठरा किलो जास्त आहेत," ते म्हणाले.

"कुणाचे?" बायकोने विचारलं.

"ते मला कसं कळणार? पोती बसवली होती तेव्हा नव्हते."

"काट्यात फरक असेल हो!" ती म्हणाली.

"सील बघा."

निरीक्षकांनी दारातून वाकून काट्याचं सील पाहिलं. शिशावर खात्याचा ठसा होता आणि खाली त्यांचीच सही. गेल्या वर्षी त्यांनी स्वतः तपासून ठोकलेलं. आता कुणाकडे नुसतं बघणार?

बायको हळूहळू गाडीजवळ आली. अठरा किलो म्हणजे किती, याचा हिशेब तिने मनात केला असावा, कारण तिचा चेहरा एकदम मऊ झाला. ती निरीक्षकांच्या शेजारच्या रिकाम्या सीटसमोर गुडघे टेकून बसली.

"बाळा," ती म्हणाली, "चारपाच वर्षांचं असशील ना रे तू? कुणाचा आहेस? वाट चुकलास का? हे बघ, यांचं हृदय बरं नाही. डॉक्टरांनी मला सांगितलंय. तू यांना सोड. हवं तर माझ्याबरोबर चल."

तिचे डोळे भरून आले होते. आणि तेव्हा निरीक्षकांना खरी भीती वाटली. पोत्यांना पाहून वाटली नव्हती, कण्हण्याने वाटली नव्हती, इतकी. ती त्या रिकाम्या सीटवर हात ठेवून बसली होती आणि ती खरोखर त्या पोराला घरी घेऊन जायला तयार होती.

"अगं," ते म्हणाले, "ते मीच आहे."

"काय?"

"अठरा किलो. माझेच." त्यांचा आवाज चोरी पकडलेल्या दुकानदारासारखा झाला. "घरातल्या काट्याच्या खाली आकडा मागेपुढे करायचं एक चाक असतं. पहिल्या रविवारी एकच किलो फिरवलं. उमेद यावी म्हणून. पुढच्या रविवारी परत फिरवणार होतो. मग तू कार्ड बघून इतकी हसलीस..."

"म्हणजे किती आहात तुम्ही?"

"शहाऐंशी. पण खरं सांगतो, मला अडुसष्ट वाटायला लागलं होतं."

बायको उठली. तिने चष्मा काढून हातात धरला. "मी डोळे बदलून आले," ती म्हणाली. "मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय."

गुरुजी चाकापाशी वाकले आणि बोट घालून म्हणाले, "टायर पत्र्याला घासतोय. म्हणून कण्हते. नवे शॉक कडक आहेत, एकदम सोडत नाहीत, म्हणून दोनदा उठते. वाळू झटकायची राहिली, ती सीटच्या शिवणीत आहे." थोडं थांबून ते म्हणाले, "मला पहिल्या दिवशीच शंका आली होती. पण वजनमापंवाल्या साहेबांना वजन कोण शिकवणार?"

गाडी विकली नाही. बायको सगळ्यांसमोर गुरुजींच्या काट्यावर उभी राहिली, चौपन्न भरली, आणि तिने गाडी चौपन्नाला बसवून घेतली. घरी येऊन तिने निरीक्षकांच्या पिशवीतलं शिसं आणि पक्कड काढली आणि घरातल्या काट्याच्या चाकाला स्वतः सील ठोकलं.

आता रोज सकाळी ती निरीक्षकांना कचेरीत सोडते. उजव्या वळणावर डाव्या बाजूने कण्हण्याचा आवाज येतो, पण त्याला ती घाबरत नाही. कचेरीच्या फाटकापाशी ती दरवान ओळखीचा म्हणून दोन शब्द बोलायला उतरते, तेव्हा गाडी अगदी थोडीशी उठते. मग थांबते. मग एक मोठा सुस्कारा टाकून चांगली चार बोटं वर उठते, आणि दरवान आदबीने बाजूला सरतो, कारण मागून निरीक्षक उतरत असतात.