ओढ्यात खुबूस

मेधाला ताप भरला आणि मासे मोजायला कुणी उरलं नाही.

"तू जा," ती अंथरुणातूनच नवऱ्याला म्हणाली. "नुसते मोजायचे आहेत."

हेमचंद्र बँकेत कॉम्प्युटर सांभाळायचा. माशांशी त्याचा संबंध ताटातही येत नव्हता. पण आखातातल्या बुसैतीनजवळचा बुजलेला ओढा गाळ काढून पुन्हा वाहता केला होता, आणि त्यातले बोटभर मासे अंडी घालायला वरच्या शेवाळात जातात का, हे स्वयंसेवकांनी सहा आठवडे रोज पाहायचं होतं. शेवटी प्रमाणपत्र मिळणार होतं. जुफैरच्या शाळेतली मेधाची नोकरी त्या कागदावर अडली होती.

मासे एका जागी ठरेनात. सतरा मोजले की अठरावा कुठला, हेच हेमचंद्रला कळेना. शेवटी त्यानं डब्यातला खुबूस, म्हणजे तिथली अरबी रोटी, कुस्करून खालच्या डबक्यात टाकला. सगळे गोळा झाले आणि पाच मिनिटांत मोजणी खलास! मेधाचा ताप चार दिवस टिकला. चारही दिवस त्यानं हेच केलं.

पाचव्या दिवशी मेधा गेली, तर वर एकही मासा नाही. तक्त्यात शून्य. दुसऱ्या दिवशीही शून्य. कामावर देखरेख करणारे रत्नागिरीचे खिजरभाई घाबरले. त्यांनी पाणी तपासून घेतलं. पाणी स्वच्छ. ओढ्याभोवती दोर बांधून लोकांना लांब ठेवलं. तरी शून्य.

"वहिनी, पाणी हाय, शेवाळ हाय. मग ह्यांचं बिनसलंय काय?" खिजरभाई गोंधळून म्हणाले. "सगळे खालीच, तोंडं वर करून. कुणाची तरी वाट बघतायत जनू!"

रात्री जेवताना मेधानं हे सांगितलं. हेमचंद्रचा घास हातातच राहिला.

"खुबूसची," तो पुटपुटला.

"काय खुबूसची?"

"वाट."

अहवालात 'कारण' असा रकाना होता. मेधानं पेन उघडलं.

"माझं नाव नको हं लिहू," हेमचंद्र म्हणाला.

"मग खोटं लिहू?"

तिनं नाव लिहिलं नाही. 'कारण : नवरा' एवढंच लिहिलं.

खिजरभाईंनी ते तीनदा वाचलं. "वहिनी, घरचं भांडण हितं कशाला?"

मेधानं सगळं सांगितलं. खिजरभाईंनी कपाळाला हात लावला. "मग आता त्यांनाच वर न्यायला सांगा!"

त्यानंतर बँक सुटली की टाय लावलेला हेमचंद्र काठाकाठानं वर चालू लागला. निघण्याआधी खिजरभाई त्याचे खिसे चाचपत. खाली पाण्यातून मासे त्याच्या मागोमाग. पहिले तीन दिवस ते वर जाऊन पुन्हा खाली पळाले. मग रमू लागले. नवव्या दिवशी शेवाळावर अंडी दिसली.

आनंदाच्या भरात खिजरभाईंनी एकाच पाकिटात दोन प्रमाणपत्रं पाठवली. एक मेधाचं, मासे मोजल्याबद्दल. दुसरं हेमचंद्रचं, मासे यशस्वीपणे वर नेल्याबद्दल. मेधानं पाकीट न उघडताच शाळेत दिलं.

मुख्याध्यापिका ताहेरा मॅडमनी दोन्ही कागद सावकाश वाचले.

"नोकरी तुमची," त्या म्हणाल्या. मेधा आभार मानून उठली. मॅडमनी मात्र दुसरा कागद अजून हातातच धरला होता.

"तुमच्या मिस्टरांना दुपारी थोडा वेळ मिळेल का? रिसेस संपली तरी आमची आठवी वरच्या मजल्यावर जातच नाही."